कला केंद्राच्या विश्वस्तांना खुलं पत्र: शनिवार फुकटच ठेवा, आधी खुर्च्यांवरचे कागद काढा

सप्रेम नमस्कार,

विश्वस्त मंडळ, कार्यक्रम समिती आणि ऑफिसात बसून दिवसभर सगळ्यांचे फोन उचलणारे आपले मॅनेजर, तुम्हा सगळ्यांना एकत्रच लिहितेय, कारण एकाला लिहिलं की तो दुसऱ्याकडे पाठवतो, दुसरा म्हणतो मीटिंगमधे ठेवू, आणि मीटिंगचं काय होतं ते आपण सगळेच जाणतो.

गेल्या आठवड्यात ग्रुपवर मेसेज फिरला की पुढच्या महिन्यापासून शनिवारच्या कार्यक्रमांना शंभर रुपये देणगी प्रवेशिका असणार, आणि जागा ॲपवरून आधी बुक करायची. कारण काय, तर फुकट असलं की लोकांना किंमत राहत नाही, लोक मधेच उठून जातात, मोबाईल वाजतात, पोरं पळापळ करतात. खाली लगेच नमस्कारांची आणि अंगठ्यांची रांग लागली. मी तिथे काही लिहिलं नाही कारण त्या ग्रुपवर दोन ओळींच्या वर कोण वाचतं, म्हणून हे इथे.

आधी मोबाईलचंच घ्या. मोबाईल वाजला म्हणून चालू नाटक थांबवून नटांनी प्रेक्षकांना सुनावल्याच्या बातम्या आपण सगळ्यांनी वाचल्यात, आणि ते प्रेक्षक चांगली तीनशे-पाचशेची तिकिटं काढून बसलेले होते हो. पैसे भरले की माणूस शहाणा होतो असं असतं तर मल्टिप्लेक्समधे पिनड्रॉप शांतता असती. उलट आपल्याकडे मागे सतरंजीवर बसणाऱ्या आज्या सगळ्यात शांत ऐकतात, त्यांच्या पिशवीतला फोन वाजलाच तर त्या स्वतःच इतक्या ओशाळतात की बघवत नाही. गाणं चालू असताना फोनवर "हां बोल, प्रोग्रॅमला आलोय" असं पुढच्या सोफ्यावरून ऐकू येतं. कुठल्या सोफ्यावरून ते पुढे सांगतेच.

आणि फुकटची किंमत नसते हे आपण महाराष्ट्रात बसून म्हणायचं म्हणजे कमाल आहे. मिरजेला मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात शास्त्रीय गायक उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर आहे, 1937 साली गेले ते, आणि दरवर्षी उरुसात तिथे त्यांच्या स्मरणार्थ संगीत सभा होते. गाणारे-वाजवणारे बिदागी न मागता हजेरी लावतात, रात्र रात्र गाणं चालतं, समोर येऊन बसायचं, बस. त्याच गावात पिढ्यानपिढ्या तंबोरे-सतारी बनवणाऱ्यांची गल्ली आहे, म्हणजे ऐकणाऱ्यांत वाद्य घडवणारा हात असू शकतो आणि बाजाराला आलेला शेतकरीही. तिथे जाऊन कोणी म्हणून दाखवावं की फुकटच्या श्रोत्याला कळत नाही. गिरगावात केशवजी नाईक चाळीत 1893 पासून सार्वजनिक गणपती बसतो, आणि एकूणच आपल्या गणेशोत्सवात किती नावाजलेले गवई, वक्ते, शाहीर चाळींच्या पटांगणात, रस्त्यावरच्या मांडवात लोकांनी ऐकलेत, घराच्या गॅलरीतून, जिन्यात बसून. आपल्या निम्म्या मराठी माणसांचा कान तसाच तयार झाला, तिकीट काढून नाही.

बरं, हे जुनं म्हणून सोडून देऊ. मुंबईत जहांगीर आर्ट गॅलरी 1952 ची, आजही रस्त्यावरून चालता चालता आत शिरा, चित्रं बघा, बाहेर या, कोणी पैसे मागत नाही. तिथेच काळा घोडा फेस्टिव्हल 1999 पासून होतो, जानेवारी-फेब्रुवारीत, गाणं, नाच, नाटक, कार्यशाळा, सगळं विनामूल्य, गर्दी इतकी की पाय ठेवायला जागा नसते आणि तरी लोक दरवर्षी शिव्या देत जातातच. एनसीपीएसारखी संस्था, मुंबईतलं मोठं कला केंद्र, जिथे एरवी तिकीट बघूनच आपण परत फिरतो, तीसुद्धा नव्या शास्त्रीय कलाकारांसाठी 'उमंग' नावाची मालिका करते आणि प्रवेश मोफत, जो आधी येईल त्याला जागा. लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलचं तर सगळ्यात भारी आहे, 1951 ची इमारत, आधी तिकीट असेल तरच संध्याकाळी आत, मग 1983 मधे तिथल्या नगर प्रशासनाने ठरवलं की खालचं दालन दिवसभर सगळ्यांना उघडं. तेव्हापासून माणसं तिथे नुसती बसायला येतात, डबा खातात, अभ्यास करतात, कानावर काहीतरी पडतं. लंडनला जमतं म्हणून आपण करायचं असं मी म्हणत नाहीये, आपल्याकडे आधीपासून होतंच, पण परदेशातलं उदाहरण दिल्याशिवाय समितीत विषय पुढे सरकत नाही असा अनुभव आहे.

आता सोफ्यांकडे येते.

आपल्या प्रत्येक बोर्डवर काय लिहिलेलं असतं, "कार्यक्रम सर्वांसाठी खुला, प्रवेश विनामूल्य", आणि खाली बारीक अक्षरात "काही जागा निमंत्रितांसाठी राखीव". ह्या "काही जागा" म्हणजे किती हो नक्की? मागच्या भावगीतांच्या कार्यक्रमाला पुढे डेकोरेटरचे पांढऱ्या कव्हरचे सोफे, त्यांच्यामागे खुर्च्यांच्या तीन पूर्ण रांगा, आणि प्रत्येक खुर्चीच्या पाठीला सेलोटेपने लावलेला ए-फोर कागद, "निमंत्रित". पंख्याच्या वाऱ्याने ते कागद फडफडत होते, तबल्याच्या जोडीला तेवढाच आवाज. निमंत्रित म्हणजे कोण, तर माजी अमुक, भावी तमुक, प्रायोजकाच्या घरचे, आणि समितीतल्या प्रत्येकाचे चार-चार पाहुणे. त्यातले निम्मे आलेच नाहीत, जे आले ते सत्काराची शाल घेऊन, फोटो काढून, दुसऱ्या गाण्याच्या आत "पुढे एक कार्यक्रम आहे" म्हणून वाकत वाकत निघून गेले. मधेच उठून जाणारे ते हेच. आणि तीन रांगा रिकाम्या असताना मागे माणसं भिंतीला टेकून उभी, पायऱ्यांवर दाटीवाटीने बसलेली. एक काठीवाले आजोबा धीर करून रिकाम्या खुर्चीत जाऊन बसले तर बिल्ला लावलेल्या कार्यकर्त्याने त्यांना उठवलं, सगळ्यांसमोर, "काका ती राखीव आहे" म्हणून. ती खुर्ची शेवटपर्यंत रिकामी राहिली. मी मुद्दाम बघत बसले होते, गाण्याकडे कमी लक्ष गेलं माझं त्या दिवशी.

फुकट कार्यक्रमाची किंमत कोण ठेवत नाही, ह्याचं उत्तर त्या रिकाम्या खुर्च्यांवर चिकटवलेलं आहे.

दुसरी गोष्ट गेटवरची. गेल्या महिन्यातल्या कथकच्या कार्यक्रमाला माझ्या पुढे एक मावशी होत्या, समोरच्या सोसायट्यांमधे पोळ्या करतात, सोबत आठ-नऊ वर्षांची नात, केस चापून बसवलेले, नवीन फ्रॉक. वॉचमनने विचारलं, "पास आहे का?" पास नव्हताच त्या कार्यक्रमाला, कुणालाच नव्हता. मावशी म्हणाल्या बोर्डावर फ्री लिहिलंय, तर तो म्हणाला आतून कुणाला तरी बोलवा. त्यांच्या मागे मी उभी, मला काही न विचारता "या मॅडम". मी मावशींना सोबत घेऊन आत गेले, विषय तिथे संपला, पण मी नसते तर त्या परत गेल्या असत्या आणि पुन्हा कधी आल्या नसत्या. वॉचमनला बोल लावू नका प्लीज, तो ठेकेदाराचा माणूस, बारा तास उभा असतो, त्याला कुणीतरी सांगितलंय "जरा बघून सोडा", आणि बघून म्हणजे काय बघून ते त्याला न सांगता कळलंय. त्याच्या हातात एवढाच निरोप द्या की शनिवारी संध्याकाळी कुणालाही काहीही विचारायचं नाही.

पणजीची कला अकादमी कधी बघितलीय का तुमच्यापैकी कुणी? आर्किटेक्ट चार्ल्स कोरियांनी केलेली, 1983 मधे पूर्ण झाली. मधल्या काळात तिच्या दुरुस्तीवरून गोव्यात बरंच रामायण झालं, 2023 मधे खुल्या रंगमंचाच्या छपराचा भाग कोसळला वगैरे, ते सोडा, पण मूळ कल्पना काय सुंदर आहे, रस्त्यावरून माणूस आत शिरतो आणि सावलीतून चालत चालत थेट मांडवीच्या काठाला निघतो. थिएटरात जायचं की नाही ते नंतर ठरवा, इमारतीत तुम्ही आधीच आलेले असता. आपल्याकडे कोरिया नाहीत आणि नदीच्या नावाने नाला आहे हे मान्य, पण छोटं गेट उघडून त्यातून एकेकाला निरखत आत घेण्याऐवजी मोठं गेट सताड उघडायला आर्किटेक्ट लागत नाही.

तिसरं, वेळ. ह्याच्यावर सगळेच हसतात आणि सोडून देतात, मी सोडणार नाहीये. पत्रिकेत साडेसहा, सुरुवात पावणेआठला. मधे काय, तर प्रमुख पाहुण्यांची वाट बघणं, मग दीपप्रज्वलन (समई वाऱ्याने विझते, पुन्हा पेटवा, पुन्हा फोटो), ईशस्तवन, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, शाल-श्रीफळ, पाहुण्यांचं मनोगत ज्यात ते सांगतात की मला गाण्यातलं काही कळत नाही आणि मग वीस मिनिटं बोलतात, मग अध्यक्षीय. सूत्रसंचालन करणाऱ्या ताई मधे मधे चारोळ्या घालतात. आणि विंगेत ती गाणारी मुलगी तंबोरे जुळवून बसलेली, पावसाळी दमट हवेत तंबोरा उतरतो, ती पुन्हा जुळवते, पुन्हा उतरतो. बाहेरगावाहून सकाळच्या एसटीने आलेली मुलगी.

आपला कार्यक्रम अंगणात, मोकळ्यावर, आणि रात्री दहाला स्पीकर बंद करावाच लागतो, 2000 सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम आहेत, समोरच्या बिल्डिंगवाले दहा वाजून एक मिनिटाला फोन लावतात आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. म्हणजे शेवट हलत नाही आणि सुरुवात मागे सरकते, मग कापलं कोण जातं, कलाकार. मागच्या वेळी त्या मुलीने बडा ख्याल घेतला, जरा कुठे राग उलगडायला लागला आणि समितीतले एक जण स्टेजच्या कडेला येऊन घड्याळावर बोट आपटायला लागले. तिने ते बघितलं, आम्ही पण बघितलं. भैरवी कशीबशी पाच मिनिटांत उरकली. त्यानंतर मात्र आभारप्रदर्शन सविस्तर झालं, मंडपवाले, माईकवाले, चहावाले, सगळ्यांचं नाव घेऊन. माईक बंद केल्यावर मोठ्याने बोलून केलं, म्हणजे नियम पण पाळला!

एक साधा बदल सुचवते. साडेसहा म्हणजे साडेसहाला पहिला सूर. सत्कार करायचेच असतील तर मध्यंतरात चहाच्या टेबलापाशी करा, फोटो तिथेही छान येतात. पाहुणे उशिरा आले तर मागे बसतील, आम्ही बसतोच की.

आता पैशाचं, कारण तुम्ही म्हणणार बोलायला काय जातं, खर्च कोण करणार. माझी नोकरी अकाउंट्समधली होती, आयुष्य बॅलन्सशीट जुळवण्यात गेलं, त्यामुळे हे मी हवेत बोलत नाहीये.

वार्षिक सभेत जो अहवाल वाटला तो मी नीट वाचलाय. त्यात कार्यक्रमांच्या खर्चात मंडप-सजावट, पुष्पगुच्छ, शाली, स्मृतिचिन्हं, अल्पोपहार, छपाई आणि फ्लेक्स हे सगळं मिळून कलाकारांच्या मानधनापेक्षा जास्त आहे. पुन्हा वाचा ती ओळ. आपण गाणाऱ्या माणसापेक्षा फ्लेक्सवर जास्त खर्च करतो, आणि त्या फ्लेक्सवर गाणाऱ्याचा फोटो स्टॅम्पएवढा आणि बाकीच्यांचे पासपोर्टपेक्षा मोठे. कित्येक नव्या मुलांना तर आपण मानधन देतच नाही, नारळ आणि "तुम्हाला प्लॅटफॉर्म मिळतोय" एवढंच. मिरजेचं उदाहरण मला उलटं दाखवू नका, तिथे कलाकार खाँसाहेबांपुढे हजेरी लावायला जातो, ती त्याची श्रद्धा आहे, आपल्या समितीपुढे हजेरी लावायला कुणी येत नाही. प्रेक्षकाला फुकट ठेवायचं तर कलाकाराला पैसे द्यायलाच पाहिजेत, तबलजी आणि पेटीवाल्यासकट, आणि त्याच दिवशी, "पुढच्या आठवड्यात ऑफिसला या" असं नाही.

पैसे कुठून? केंद्र नोंदणीकृत ट्रस्ट आहे, 80जी आहे, म्हणजे देणगीदाराला करात सूट मिळू शकते, फक्त 2000 रुपयांच्या वरची देणगी रोखीने घेऊ नका, त्यावर सूट मिळत नाही, चेक किंवा यूपीआय. आपल्या बाजूच्या एमआयडीसीत एवढ्या कंपन्या, कंपनी कायदा 2013 मधे मोठ्या कंपन्यांनी नफ्यातले दोन टक्के सामाजिक कामाला द्यायचेत, ह्यालाच सीएसआर म्हणतात, आणि त्या कामांच्या यादीत कला-संस्कृतीचं जतन, पारंपरिक कला हे स्पष्ट लिहिलेलं आहे. त्यासाठी ट्रस्टला सीएसआर-1 फॉर्म भरून नोंदणी करावी लागते, 2021 पासूनचा नियम, आपण ती केलीय का? मी ऑफिसात विचारलं तर "साहेबांना विचारून सांगतो" उत्तर आलं, म्हणजे केलेली नसावी. फॉर्म भरायला मी येते, बसते दोन दुपारी, सीए लागेल सहीला तो आपल्याकडे विश्वस्तांतच आहे. लोककला किंवा शास्त्रीय संगीत-नृत्य-नाटकाच्या कलाकाराच्या दीड लाखापर्यंतच्या मानधनावर जीएसटी लागत नाही, त्यामुळे "मानधन दिलं की टॅक्सची भानगड" हे मागच्या सभेत जे कुणी म्हणालं त्यांनी तेवढं बघून घ्यावं.

आणि झोळी फिरवा ना सरळ. कार्यक्रम संपला की दारात पेटी ठेवा, बाजूला क्यूआर कोड, ज्याला जे वाटेल ते टाकेल. कीर्तनात आरतीच्या ताटात माणूस टाकतोच की, न टाकणाऱ्याकडे कुणी बघत नाही आणि टाकणारा दहाची नोट टाकतो नाहीतर पाचशेची. शंभर रुपये सक्तीचे केलेत तर माझ्यासारखी देईल, तिला काही वाटणार नाही, पण चार माणसांच्या घरातून चारशे रुपये आणि वर रिक्षा, ते घर येणार नाही. त्या मावशी तर नाहीच नाही. मग अंगणात कोण उरेल, तेच आपण सगळे, एकमेकांना ओळखणारे, एकमेकांचे सत्कार करणारे.

ॲपचं थोडक्यात. बुकिंगची लिंक ग्रुपवर पडली की दहा मिनिटांत "हाऊसफुल्ल", आणि प्रत्यक्षात अंगण अर्धं रिकामं, कारण फुकट बुक करून ठेवायला काही लागत नाही, बघू जमलं तर जाऊ. हे आपल्याकडे नाटकाच्या कार्यशाळेच्या वेळी झालंच होतं. ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही किंवा जे त्या ग्रुपमधे नाहीत त्यांना कार्यक्रम आहे हेच कळत नाही. ठेवायचंच असेल बुकिंग तर निम्म्या जागांना ठेवा, आणि सव्वासहानंतर रिकाम्या दिसतील त्या सगळ्या जागा रांगेतल्या माणसांना. बाकी पूर्वीसारखं येईल तो बसेल. रुमाल टाकून सहा जागा धरणाऱ्या काकूंचा बंदोबस्त मी करते, ते माझ्यावर सोडा, माझ्याच बिल्डिंगमधल्या आहेत.

अजून एक, मुलांच्या रविवारच्या चित्रकार्यशाळा. विनामूल्य म्हणता आणि खाली यादी देता, ॲक्रेलिक रंगांचा सेट, कॅनव्हास बोर्ड, तीन नंबरचे ब्रश, ॲप्रन. दुकानात जाऊन बघा ह्याचं बिल किती होतं. गणपतीच्या आधी शाडूची माती आणून देता तेव्हा कशी झुंबड उडते, कारण माती केंद्राची असते, पोरांनी फक्त हात घेऊन यायचं. वारली शिकवा, गेरूने सारवलेला कागद, तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग, टोक ठेचलेली बांबूची काडी, झालं साहित्य. वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे ह्याच मातीतून जगभर पोचले. वारली शिकवायला पालघर-डहाणूकडून वारली कलाकारालाच बोलवा मात्र, यूट्यूबवर बघून शिकवणारं नको, आणि त्यालाही मानधन, हो, पुन्हा तेच.

हे लिहिताना मला तुमच्या कामाबद्दल आदर नाही असं कुणी समजू नये. आपल्या भागात जिथे जागा दिसली की बँक्वेट हॉल उभा राहतो तिथे एक अंगण, एक पिंपळ आणि एक छोटं दालन तुम्ही राखलंत, बिल्डरला दिलं नाहीत, शनिवारचा कार्यक्रम कोविडनंतर पुन्हा सुरू केलात, हे सगळं आम्हाला दिसतं. म्हणून तर भांडतेय. जिथून अपेक्षाच नसते तिथे माणूस पत्र लिहित बसत नाही.

येत्या बैठकीत एवढंच ठेवा: शनिवारला शंभर रुपये लावायचा ठराव मागे घ्यायचा, निमंत्रितांना एकच रांग आणि तीही पहिला सूर लागेपर्यंतच, नंतर ज्याला हवं तो बसेल, कलाकारांचं मानधन त्याच रात्री, आणि सीएसआरचा फॉर्म. मला उत्तराचं पत्र नको, जावक क्रमांक वगैरे टाकून. जे ठरेल ते गेटबाहेरच्या फळ्यावर खडूने मोठ्या अक्षरात लिहा, म्हणजे ग्रुपवर नसलेल्यांनाही वाचता येईल.

आपली,
शनिवारी नेहमी येणारी एक प्रेक्षक